चेरी श्रिंपचं पाणी : टीडीएसच्या आधी जीएच बघा

चेरी श्रिंप (घरच्या माशांच्या टाकीत पाळतात ती छोटी लाल कोळंबी) मेली की आपण आधी खाण्याला दोष देतो, मग फिल्टरला. त्याआधी डोकं आणि पाठ यांच्या सांध्यावर पांढरी रेघ आहे का, ते बघा. ती पूर्ण गोल फिरलेली असेल, तर बहुधा कात टाकताना बाई अडकली.

नवं कवच धरायला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम लागतं. पाण्यात ते किती आहे हे सांगतो जीएच, म्हणजे पाण्याचा जडपणा. टीडीएस मीटर नव्हे, तो विरघळलेलं सगळंच एकत्र मोजतो; चिमूटभर मीठ टाकलं तरी मीटरचा आकडा चढतो. मी कित्येक महिने मीटरवर 180 बघून खूश होतो आणि श्रिंप मरतच होत्या. शेवटी थेंबांची टेस्ट केली, तर जीएच 2!

तेव्हा सुरुवात टेस्ट किटने करा. बहुतेक किटमध्ये 5 मिली पाण्यात एकेक थेंब टाकून हलवायचं. रंग पालटेपर्यंत जितके थेंब, तितके अंश. चेरीला जीएच 6 ते 8, केएच (पाण्यातला कार्बोनेटचा भाग, याचीही तशीच थेंबांची टेस्ट असते) 2 ते 4 आणि टीडीएस 150 ते 250 मानवतं. नळाचं पाणी यात बसत असेल, तर क्लोरीन घालवा आणि तेच वापरा. क्षारांच्या पावडरीचा खर्च कशाला? बोअरचं पाणी डाळ शिजू नये इतकं जड असेल, तर त्यात आरओचं पाणी मिसळून जीएच खाली आणा.

नुसतं आरओचं पाणी वापरायचं, तर श्रिंपसाठी मिळणारी जीएच-केएच पावडर सोपी पडते. घरी करायचं असेल तर 10 लिटरला खाण्यायोग्य जिप्सम 1.4 ग्रॅम, एप्सम सॉल्ट 0.65 ग्रॅम आणि खायचा सोडा 0.6 ग्रॅम. यातून जीएच साधारण 6 आणि केएच 2 येतो. जिप्समऐवजी मूर्तीचं पीओपी नको, आणि चमच्याने अंदाज नको, 0.01 ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. जिप्सम विरघळायला आळशी, म्हणून बादलीत एअर पंप सोडून रात्रभर ठेवा. सकाळी पुन्हा जीएच मोजा. (क्रिस्टल रेड या दुसऱ्या जातीच्या श्रिंप असतील तर सोडा वगळा, त्यांना केएच 0 ते 1 आणि जीएच 4 ते 6 पुरतो.)

बादली प्लॅस्टिकचीच. तांब्याच्या हंड्यातलं पाणी आपण कौतुकाने पितो, श्रिंपला मात्र तांबं विष आहे.

आठवड्याला 10 ते 15 टक्केच पाणी बदला, तेही एअरच्या बारीक नळीने हळूहळू. एकदम ओतलंत की अवेळी कात टाकतात, आणि पुन्हा तीच पांढरी रेघ. उन्हाळ्यात आटलेल्या पाण्याची भर मात्र साध्या आरओ पाण्याने करा. वाफ होऊन पाणी जातं, क्षार टाकीतच राहतात.

तळाशी पारदर्शक, पोकळ श्रिंप दिसली तर जाळी घेऊन धावू नका. ती कात आहे. राहू द्या, एकदोन दिवसांत त्याच ती कुरतडून संपवतात.