कॉकपिटसाठी किंवा गस्तीसाठी छोटा टॉर्च निवडताना

खोक्यावरचे ल्युमेन (एकूण प्रकाशाचं माप) बघून घेतलेला टॉर्च रात्री कॉकपिटमध्ये डोळे दिपवतो, आणि अंधाराला सरावायला डोळ्यांना पुन्हा अर्धा तास लागतो.

१. आधी सगळ्यात मंद मोड बघा. १ ते ५ ल्युमेन हवा, आणि बटण दाबल्यावर तोच आधी लागायला हवा. फुल ब्राइटमधून फिरत खाली येणारा टॉर्च नकोच.

२. लांबचं दिसायला कँडेला (झोताची तीव्रता) बघा. कँडेलाचं वर्गमूळ गुणिले २, म्हणजे झोताचा पल्ला मीटरमध्ये. १०,००० कँडेलाला २०० मीटर. अर्थात तिथे प्रकाश चांदण्याइतकाच पडतो. उपयोगाचा पल्ला निम्माच धरा.

३. मागची टोपी पाव फेरा सैल करून बटण दाबा. दिवा लागला नाही तर बॅगेत आपोआप पेटून तापायची भीती नाही. आटे अ‍ॅनोडाइज्ड (वीज न वाहू देणाऱ्या थराचे) नसतील तर ही युक्ती चालत नाही.

४. कडाक्याच्या थंडीसाठी सीआर१२३ए हा लिथियमचा सेल चालणारा टॉर्च घ्या.

सावधान: लाल उजेडात नकाशावरच्या लाल रेघा गायब होतात. नाइट व्हिजन गॉगल (अंधारात दिसायचा चष्मा) वापरत असाल तर साधा लाल दिवाही चालणार नाही, त्यांना चालणारा खास हिरवा फिल्टर लागतो.