अर्ज भरणाऱ्याच्या शेजारी बसा

सोलापुरात अशोक चौकाजवळ माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. तीन वर्षांपूर्वी आम्ही नऊ जण एकत्र आलो आणि सरकारी ऑनलाइन सेवांबद्दल त्या त्या कार्यालयांना विनामोबदला सूचना द्यायला लागलो. तुमच्या भागात असा गट उभा करायचा असेल, तर आम्ही काय करतो ते सांगते.

माणसं जमवताना कॉम्प्युटरवाला एकच घ्या, पुरतो. आमच्यात विडी वळणाऱ्या एक अक्का आहेत, यंत्रमागावर रात्रपाळी करणारा मुलगा आहे, स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या ॲपवर, फोन चालवणारे दृष्टिहीन सर आहेत आणि आवक-जावक तोंडपाठ असलेले एक निवृत्त लिपिक आहेत. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी घरं एकाच बोळात सापडतात, म्हणून प्रत्येक भाषेचा निदान एक माणूस हवाच. ज्याला त्या सेवेचं कंत्राट मिळालंय किंवा मिळवायचंय, त्याला घेऊ नका. माझं पोट या अर्जांवर चालतं, हे मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं. अर्जाच्या शुल्काचा विषय निघाला की मी मत देत नाही.

पहिली बैठक खुर्च्या मांडून घेऊ नका. एकच सेवा निवडा आणि ज्याला तिची खरोखर गरज आहे, त्याच्या शेजारी जाऊन बसा. फोन त्याचा, बोटही त्याचंच. आपण हात मागे बांधायचे आणि बोट कुठे थांबतं ते वहीत लिहायचं. मला हे फार जड गेलं. दुकानात गिऱ्हाईक अडलं की फोन हातात घेऊन मोकळं व्हायची सवय.

अक्कांनी एका सेवेचा अर्ज उघडला आणि नावाच्या रकान्यातच अडकल्या. तेलुगू घरांत घराण्याचं नाव आधी लिहायची रीत आहे. त्यांच्या शाळेच्या जुन्या दाखल्यावर ते पहिलं, आधारवर मराठी पद्धतीनं शेवटी. अर्जाला दोन्ही तंतोतंत जुळलेलं हवं होतं. तीनदा लिहिलं, तीनदा परत आलं. कसंबसं पुढे गेल्यावर ओटीपी गेला मुलाच्या नंबरवर. मुलगा मागावर. त्या खडखडाटात फोन कुठला ऐकू येतोय? दहा मिनिटांत ओटीपी बाद. मग अंगठा लावायचा ठरलं, तर वर्षानुवर्षं पानं कापून, वळून बोटांची कातडी गुळगुळीत झालेली, मशीन ठसा घेईना. यात अक्कांची चूक एकही नव्हती, तरी त्या "मला येत नाही बाई" असंच म्हणत राहिल्या. ते आठवलं की अजून जीव तुटतो.

त्या एका दुपारीच आम्हाला तीन सूचना सापडल्या. दोन कागदांवरच्या नावाचा क्रम वेगळा असेल, तर अर्ज आपोआप परत न पाठवता माणसाकडे तपासायला द्यावा. ओटीपीची मुदत वाढवावी. ठसा उमटत नसेल, तर दुसरा मार्ग त्याच पानावर दिसावा.

सूचना लिहिताना एका पानावर एकच अडचण मांडा. कोणत्या पानावर, किती जणांपैकी किती अडले आणि त्याजागी काय हवं, एवढं पुरे. "ॲप सुधारा" या वाक्याचा कुणालाच उपयोग नाही. "वैध निवासी पुरावा अपलोड करा" याच्या जागी "लाइट बिलाचा फोटो जोडा", असं तयार वाक्यच द्या. पाण्याच्या निरोपात झोन क्रमांकापेक्षा टाकीचं आणि पेठेचं नाव लोकांना लगेच कळतं, हेही आम्ही असंच लिहून दिलं. स्क्रीनशॉट जोडताना आधार आणि मोबाइल नंबर झाका. लोकांची कागदपत्रं गटाच्या व्हॉट्सॲपवर अजिबात मागवू नका.

पत्र आवक विभागात द्या आणि पोच घेतल्याशिवाय पायरी उतरू नका. आमच्या लिपिककाकांचं सांगणं, मार्चअखेरीला वसुलीची धावपळ असते, तेव्हा जाऊ नये.

कायद्याचा आधार थोडक्यात सांगते. महापालिका अधिनियमाच्या कलम 29अ नुसार प्रभाग समितीवर स्वयंसेवी आणि लोकांच्या संस्थांचे 3 पर्यंत प्रतिनिधी घेता येतात. स्मार्ट सिटी योजनेच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत शहरस्तरीय सल्लागार मंच होता, पण ती योजना 2025 मध्ये संपली. सोलापूर तर 2016 च्या पहिल्या 20 शहरांतलं. अधिसूचित सेवा मुदतीत मिळाली नाही, तर राज्याच्या 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यानं अपील करता येतं. संकेतस्थळ सरांच्या स्क्रीन रीडरला वाचता येत नसेल, तर दिव्यांग हक्क कायदा, 2016 पत्रात जरूर लिहा.

उत्तराला वेळ लागतो. नावाच्या रकान्याचं काम पाच महिन्यांनी झालं, ओटीपीचं अजून नाही. महिन्याला एकदा पोचेचा क्रमांक घेऊन जायचं आणि काम करून देणाऱ्या कर्मचाऱ्याचे त्याच्या साहेबांसमोर आभार मानायचे.

बदल झाला की पहिल्याच माणसाकडे परत जा. गेल्या आठवड्यात अक्कांनी नाव एकदाच लिहिलं, फोन माझ्याकडे न देता पुढच्या पानावर गेल्या आणि "फोटो 50 केबीपेक्षा कमी हवा" इथे थांबल्या. ते पान लिहून झालंय. सोमवारी आवकला द्यायचंय.