डिझाइन कॉन्फरन्सला जाताना आपली पाटी घेऊन जा

बेळगाव, निपाणी, खानापुरात फ्लेक्स, पत्रिका आणि दुकानांच्या पाट्या करणाऱ्यांना कॉन्फरन्स म्हणजे एजन्सीवाल्यांचं काम वाटतं. पण एकाच पाटीवर कन्नड, मराठी आणि इंग्रजी बसवायचा रोजचा सराव तिथे आलेल्या फार थोड्यांना असतो. बोलायला तेवढं भांडवल पुष्कळ झालं.

अक्षरांत रस असेल तर आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन शाळेचा टायपोग्राफी डे बघा, तो अक्षररचनेवरच असतो. 2008 पासून तो वेगवेगळ्या शहरांत भरत आलाय. ब्रँडिंगवाल्यांसाठी क्योरियस संस्थेची डिझाइनयात्रा ही कॉन्फरन्स, ती बऱ्याचदा गोव्यात झालेली. ॲप-वेबसाइटकडे वळायचं असेल तर बंगळुरूचं डिझाइनअप. गणपतीआधीचा महिना किंवा ऐन लग्नसराई असेल तर तिकीट काढूच नका. शरीर सभागृहात आणि फोन गिऱ्हाइकाच्या कानाला, असं होतं.

बंगळुरूला राणी चेन्नम्मा एक्सप्रेस रात्रीत पोचवते. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. गोव्याला चोर्ला घाट जवळचा, पण पावसाळ्यात दरड कोसळली की रस्ता अडतो, म्हणून आदल्या दिवशीच निघा. जीएसटी भरणाऱ्यांनी आणखी एक हिशेब आधी करावा. गोव्याच्या किंवा महाराष्ट्रातल्या हॉटेलच्या बिलावर त्याच राज्याचा कर लागतो, त्याचं क्रेडिट (आपल्या जीएसटीतून वजावट) कर्नाटकातल्या नोंदणीला मिळत नाही. बंगळुरूत हा प्रश्न येत नाही. बिल मात्र दोन्हीकडे धंद्याच्या नावानं घ्या, खर्चात धरता येतं.

आता नमुने. आठ-दहा कामं पुरेत, ए5 आकारात, जाड आर्ट पेपरवर. त्यातली निदान दोन पानं पाटीला द्या, आणि नुसता फोटो नको, मोजमाप दाखवा. कर्नाटकात 2024 च्या दुरुस्तीनंतर नामफलकाचा 60 टक्के भाग कन्नडला द्यावा लागतो, तोही वरचा. म्हणजे 10 बाय 3 फुटी पाटीची 36 इंच उंची धरली तर 21.6 इंच कन्नडला जातात. उरलेल्या चौदा-साडेचौदा इंचांत मराठी, इंग्रजी आणि फोन नंबर.

खरी अडचण पुढेच आहे. ‘बसवेश्वर’ घ्या. देवनागरीत ‘श्व’ शिरोरेघेखाली आडवा मावतो. कन्नडमध्ये ‘श’च्या खाली ‘व’चा ओत्तु, म्हणजे जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन, लटकतो. खाली अक्षराच्या उंचीच्या निम्मी तरी जागा सोडली नाही तर तो ओत्तु मराठी ओळीच्या वेलांट्यांना जाऊन भिडतो. जागा सोडली की मराठी ओळ आणखी बारीक होते. दोन्ही लिप्या एकाच पॉइंट साइजला ठेवल्या तरी डोळ्याला सारख्या दिसत नाहीत, त्यामुळे आकार नजरेनंच जुळवावा लागतो. जाडी जुळवायला ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्यांचा ‘बालू’ फाँट बरा: देवनागरी आणि कन्नड, दोन्ही एकाच कुटुंबातले आणि फुकट. फसलेली आणि सुधारलेली पाटी शेजारी-शेजारी छापा. लोक थांबतात ते तिथेच.

फाइल नेणार असाल तर पीडीएफच न्या, अक्षरं कर्व्ह करून (म्हणजे त्यांच्या आकृत्या करून, मग फाँट लागत नाही). श्री-लिपी किंवा नुडी (कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर) यांच्या जुन्या फाँटमध्ये अक्षरं इंग्रजीच्या जागांवर बसवलेली असतात. दुसऱ्याच्या मशिनवर फाँट नसला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. सभागृहाच्या वाय-फायवर विसंबू नका, कामांचा वेगळा अल्बम फोनमध्येच ठेवा. घरचे फोटो त्यात नकोत, गिऱ्हाइकांचे नंबर असलेल्या पत्रिका नकोत आणि पुढाऱ्यांचे वाढदिवसाचे बॅनरही नकोत. (ते कितीही सुबक असले तरी.) व्हिजिटिंग कार्ड 300 जीएसएमच्या जाड कागदाचं, क्यूआर कोड दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नको आणि त्याच्या चारही बाजूंना मोकळी जागा हवी, फ्रेमला चिकटवला तर स्कॅन होताना अडतो.

वर्कशॉपच्या जागा कमी असतात, त्या आधी भरा. भाषणं नंतर व्हिडिओतही सापडतात, शेजारी बसून हातानं अक्षर काढणारा माणूस सापडत नाही. स्लाइडचे फोटो काढत बसू नका. प्रत्येक भाषणातून आपल्या कामाला लागणारी एक गोष्ट आणि एक प्रश्न, एवढंच लिहा.

भाषण संपल्यावर वक्त्याभोवती गराडा पडतो. त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी, नोंदणीच्या टेबलाजवळ गाठा. ‘सर, काम खूप आवडलं’ यावर ‘थँक्यू’पलीकडे काही येत नाही. ‘मॅडम, या ओळीत ओत्ताक्षराला जागा कशी केलीत?’ विचारलं की त्या पेन काढतात. चहाच्या वेळी गावच्या चौघांनी घोळका करून उभं राहू नये. दोघं-दोघं वेगळे व्हा. धारवाड-हुबळीचे, बंगळुरूचे कन्नड डिझायनर मुद्दाम शोधा. मोडकंतोडकं कन्नड चालतं, उलट त्यानंच ओळख लवकर होते. संध्याकाळी पाव किलो कुंदा, आपली बेळगावी मिठाई, उघडला तर आणखी लवकर.

या ओळखीतून मागायची गोष्ट ठरलेली: पाटी छपाईला जाण्याआधी कन्नड मजकूर तपासून देणारा माणूस. चुकीच्या ओत्तुसाठी अख्खा फ्लेक्स परत छापावा लागतो, आणि गिऱ्हाईक त्याचे पैसे देत नाही. बदल्यात त्याच्या मराठी मजकुरातले ऱ्हस्व-दीर्घ आणि ‘ळ’ तुम्ही बघून द्या.

घरी आल्यावर दोन दिवसांत मेसेज टाका. ‘भेटून आनंद झाला’ एवढ्यावर थांबू नका. टेबलावर चालू असलेल्या पाटीचा फोटो आणि एकच नेमका प्रश्न पाठवा. कार्डाच्या मागे कुठे भेटलो, काय बोललो हे तिथल्या तिथे लिहिलं नसेल, तर कोणाला काय विचारायचं तेच आठवत नाही.