एच-अल्फा दुर्बिणीत ‘नुसती लाल थाळी’ दिसते? या चुका टाळा

एच-अल्फा दुर्बीण, म्हणजे सूर्याचा फक्त हायड्रोजनचा लाल प्रकाश दाखवणारी दुर्बीण, घरी आली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी फोन येतो. “नुसती लाल थाळी दिसते हो. फोटोत असतात तसल्या ज्वाला कुठेच नाहीत. पीस खराब आलाय का?” पीस खराब निघाल्याचं मी फार क्वचित पाहिलंय. बहुतेकांना घाई नडलेली असते. कोरोनाडो कंपनीची पीएसटी किंवा लुंट कंपनीच्या लहान दुर्बिणी, म्हणजे ४० ते ५० मिलिमीटरचं भिंग असलेल्या, खूप काही दाखवतात. पण त्या मागतील तेवढा वेळ द्यावा लागतो.

आधी डोळ्यांचं बोलू, कारण तिथे चुकलं की दुरुस्ती नाही.

‘एच-अल्फा’ या नावाने बाजारात दोन अगदी वेगळ्या वस्तू मिळतात. तेजोमेघांचे फोटो काढणारे जो एच-अल्फा फिल्टर वापरतात तो साधारण ७ नॅनोमीटर रुंदीचा तरंगलांबींचा पट्टा आत सोडतो, आणि त्या पट्ट्यातला जवळजवळ सगळा प्रकाश सोडतो. अंधूक तेजोमेघासाठी तेच हवं असतं. सूर्यासाठी बनवलेल्या दुर्बिणीचा पट्टा १ अँगस्ट्रॉमच्या, म्हणजे ०.१ नॅनोमीटरच्या आत असतो आणि उष्णता, अवरक्त, अतिनील सगळं अडवायची सोय वेगळी केलेली असते. एका आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात कॉलेजातला एक मुलगा सहा इंची परावर्ती दुर्बीण घेऊन आला होता. आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, तेजोमेघांचा फिल्टर लावलेला, नळी सूर्याकडे वळवलेली, आणि तो वाकून डोळा लावायच्या बेतात. मी पळत जाऊन नळी बाजूला ढकलली. “दादा, नाव तेच आहे ना याचं?” एवढंच तो म्हणाला. माझा आवाज त्या दिवशी चढला, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत. भाजलेलं तेव्हा जाणवत नाही, नंतर दिसेनासं होतं तेव्हा कळतं.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे सूर्याच्या दुर्बिणीतला ब्लॉकिंग फिल्टर काढून पाहणं, किंवा एकीचे भाग दुसरीला जोडणं. एटॅलॉन, म्हणजे पट्टा इतका अरुंद करणारा या दुर्बिणीतला मुख्य फिल्टर, एकच तरंगलांबी सोडत नाही. कंगव्याच्या दातांसारख्या ठरावीक अंतरावरच्या अनेक सोडतो. त्यातला ६५६.२८ नॅनोमीटरचा एक दात निवडून बाकीचे थांबवायचं काम ब्लॉकिंग फिल्टरचं. तो काढला तर चित्रही जातं आणि डोळाही. ‘थोडा जास्त उजेड मिळेल’ म्हणून स्क्रू फिरवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, दुर्बीण हातातून काढून घेतो.

आता ती लाल थाळी.

ओळखीचे एक काका आहेत, बँकेतून निवृत्त. हौसेने पीएसटी घेतली आणि चार दिवसांत परत करायला निघाले. मी म्हटलं, थांबा, मी येतो. गेलो तर मार्चमधली दुपार, साडेबारा वाजलेले, गच्चीवर पाय ठेववेना. काका आयपीसला डोळा लावून ट्यूनिंगची, म्हणजे एटॅलॉनचा पट्टा किंचित सरकवणारी, रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत गरागरा फिरवत होते. त्यांना ती फोकसची रिंग वाटत होती. फोकस खालच्या बाजूच्या छोट्या गोल खुंटीने होतो. ती त्यांनी एकदा फिरवून सोडून दिली होती.

त्या दुपारी मी काहीच दाखवलं नाही. उद्या सकाळी आठला खाली बागेत भेटू, म्हटलं. घरातलं जाडसर काळं कापडही आणायला सांगितलं. काकूंनी जुनी काळी शाल दिली.

सकाळी क्रम असा ठेवला. आधी कमी मोठेपणाचा आयपीस, २० मिलिमीटरचा. पीएसटीचं नाभीय अंतर ४०० मिलिमीटर, म्हणजे वीसपट. मग फक्त सूर्याची कड बघायची आणि ती सुरीच्या धारेसारखी होईपर्यंत फोकस करायचा. मधल्या भागावर फोकस करू नये, नवख्या डोळ्याला तिथे पकडायला काही सापडत नाही. त्यानंतरच रिंगला हात. तीही केसभर फिरवायची, दोन श्वास थांबायचं, पुन्हा केसभर. एका जागी कडेवर धूसर काहीतरी उगवतं, आणखी फिरवलं की मावळतं. त्या दोन टोकांच्या मधली जागा आपली. फोकस पुन्हा एकदा तपासायचा. रिंग आणि फोकस एकाच वेळी फिरवणाऱ्याला दोन्ही सापडत नाहीत.

काका शालीखाली पाच मिनिटं गप्प होते. मग आतून आवाज आला, “अरे, झाड आहे इथे!” कडेवर कुंपणासारखा एक प्रॉमिनन्स, म्हणजे सूर्यातून उठलेली वायूची ज्वाला, उभा होता, सूर्याच्या व्यासाच्या विसाव्या हिश्श्याएवढा उंच. सूर्याचा व्यास पृथ्वीच्या १०९ पट, तेव्हा त्या कुंपणाखाली पाच पृथ्व्या एकावर एक मावल्या असत्या. “पण हलत नाही हा,” काका म्हणाले. मी त्यांना वहीत चित्र काढायला लावलं आणि अर्ध्या तासाने पुन्हा काढायला लावलं. दुसऱ्या चित्रात उजवीकडची फांदी तुटून वेगळी झाली होती. दुर्बीण अजून त्यांच्याकडेच आहे.

शालीची गोष्ट मी गमतीने सांगत नाही. आपला डोळा सर्वांत तीक्ष्ण असतो तो ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्या उजेडात. ६५६ च्या गडद लालला त्याची संवेदनक्षमता त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. त्यात बाजूने ऊन डोळ्यात शिरत असेल तर अंधूक प्रॉमिनन्स दिसणार कुठून? टोपी पुरत नाही. डोकं आणि आयपीस दोन्ही झाकलं जाईल असं कापड घ्या, घाम येईल तो येऊ द्या. पाच मिनिटांच्या आत ‘काही दिसत नाही’ म्हणणाऱ्याचं मी ऐकून घेत नाही.

रिंगबद्दल आणखी एक. ‘बरोबर जागा सापडली, आता हात लावायचा नाही’ हेही चूक. वायू आपल्या दिशेने येत असेल तर त्याची रेषा, म्हणजे त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी, निळ्याकडे सरकते, दूर जात असेल तर तांबड्याकडे. सेकंदाला साधारण २३ किलोमीटर वेग असला की सरकणं अर्ध्या अँगस्ट्रॉमचं होतं, आणि एवढ्या अरुंद पट्ट्यात तेवढ्याने ती गोष्ट मंदावते किंवा दिसेनाशी होते. म्हणून मी मधली जागा सापडल्यावर दोन्ही बाजूंना थोडं थोडं फिरवून बघतोच. उडणारे प्रॉमिनन्स मला बहुतेक वेळा असेच सापडलेत.

थाळीवर मात्र फार अपेक्षा धरू नका. १ अँगस्ट्रॉमच्या आसपासच्या पट्ट्यात कडेचे प्रॉमिनन्स छान दिसतात, पण पृष्ठभागावरचे काळे धागे, म्हणजे फिलामेंट, फिके दिसतात. फिलामेंट आणि प्रॉमिनन्स एकच वस्तू आहे. मागे उजळ थाळी असली की काळी दिसते, मागे काळं आकाश असलं की चमकते. शिवाय लहान एटॅलॉनमध्ये चित्र सगळीकडे सारखं नसतं. चित्राचा एक भाग उत्तम असतो. सूर्य त्या भागात सरकवून बघायचा.

काय बघायचं तेच माहीत नसेल तर आधी गाँग या सौर वेधशाळांच्या जाळ्याची त्या दिवशीची एच-अल्फा चित्रं नेटवर पाहून ठेवा. जगभरातल्या त्याच्या सहा ठिकाणांपैकी एक आपल्या उदयपूरला आहे. दुर्बिणीतलं चित्र उलटं-पालटं असतं, तेवढं फिरवून जुळवून घ्या.

जागा आणि वेळ. सिमेंटची गच्ची आणि पत्र्याचं छप्पर ही सर्वांत वाईट ठिकाणं, कारण तापलेल्या स्लॅबवरची हवा उकळत्या पाण्यासारखी हलते. उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावातल्या बेटावर बांधली ती याच कारणासाठी: भोवती पाणी असलं की जमीन तापून हवा ढवळत नाही. आपल्याला तलाव नको, हिरवळ पुरते. सकाळी आठ ते दहा. गच्चीशिवाय इलाज नसेल तर स्लॅब तापायच्या आत उरकून घ्या.

मोठेपणाचा हव्यास नको. ४० मिलिमीटरला पन्नासपटीच्या पुढे चित्र फक्त मोठं आणि अंधारं होतं. बार्लो, म्हणजे मोठेपणा वाढवणारं जोडभिंग, मी कॅमेऱ्यासाठीच बाहेर काढतो. कॅमेरा मोनो, म्हणजे कृष्णधवल, घ्या, आणि थाळी व प्रॉमिनन्स यांना वेगवेगळं एक्स्पोजर द्या. एका फोटोत दोन्ही नीट येत नाही, नेटवरचे फोटो जोडलेले आणि नंतर रंगवलेले असतात. मोबाइलचा फोटो लाल भडक येत असेल तर एक्स्पोजर पार खाली ओढा.

सूर्य शोधताना नळीवरून डोळ्याने नेम धरू नका. जमिनीवरची नळीची सावली सर्वांत लहान झाली की सूर्य आत आलेला असतो.

ज्यांना शेजारचा पाच मिनिटं थांबलेला बघवत नाही त्यांना मी १८६८ सांगतो. १८ ऑगस्टच्या खग्रास ग्रहणात जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ गुंटूरला होता. ज्वालांमधल्या हायड्रोजनच्या रेषा त्याला इतक्या ठळक दिसल्या की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसताना वर्णपटदर्शकाची अरुंद फट सूर्याच्या कडेवर धरून त्याने त्याच ज्वाला पुन्हा पाहिल्या. एकेका फटीतून, कडेकडेने. आपल्याला अख्खी कड एका नजरेत मिळते.

शेवटी आपल्याकडची दमट हवा. जुन्या पीएसटींमध्ये आतल्या एका फिल्टरवर कालांतराने गंजल्यासारखे डाग येतात आणि चित्र मंद होत जातं. जुनी दुर्बीण घेताना घरातल्या उजेडात आयपीस काढून नळीत डोकावा आणि तिरप्या कोनातून काच बघा. ढगाळ किंवा ठिपकेदार दिसली तर किंमत कमी करून मागू नका, घेऊच नका. स्वतःची असेल तर जूनमध्ये हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. जेल दर पंधरवड्याला बघा, रंग बदलला की तापवून पुन्हा घाला. मी डबा दसऱ्याला उघडतो, पहिल्यांदा काच तपासतो, आणि मगच सूर्याकडे वळतो.