नर्सिंगमधून मिडवाइफ व्हायचंय? या चुका टाळा

जीएनएम (नर्सिंग आणि मिडवाइफरीचा डिप्लोमा) किंवा बी.एस्सी. नर्सिंग करून महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी झाली की 'नर्स'च्या जोडीला 'मिडवाइफ', म्हणजे बाळंतपण करणारी, हा शब्दही मिळतो. पहिली चूक इथेच होते. शब्द मिळाला म्हणजे काम येतं, असं वाटून जातं. विद्यार्थीदशेत केस बुक (केलेल्या डिलिव्हरींची नोंदवही) भरण्याच्या घाईत आपण किती डिलिव्हरी खरंच स्वतः केल्या आणि किती नुसत्या बाजूला उभं राहून पाहिल्या, हे प्रत्येकीला मनातून माहीत असतं. आधी तो हिशोब स्वतःपुरता प्रामाणिकपणे मांडा.

मी नवीन असताना एका रात्री पहिलटकरीण दाखल झाली होती आणि मी कागद भरत बसले होते. सिनियर सिस्टरांनी माझा हात धरून तिच्या पोटावर ठेवला. म्हणाल्या, "घड्याळ बघ, दहा मिनिटांत किती कळा येतात ते मोज." तीन आल्या, प्रत्येक साधारण चाळीस सेकंदांची. तिच्या कपाळावर आठी पडायच्या आधीच पोट माझ्या हाताखाली घट्ट होत होतं. तोवर मी कळा मोजायचे त्या बाईच्या ओरडण्यावरून!

हे असं बाईजवळ बसून राहणं ज्यांना जमतं आणि आवडतं, त्यांनी जरूर या वाटेला यावं. 'मला बाळं फार आवडतात' एवढ्यावर मात्र निर्णय घेऊ नका. बाळ छान रडतं, सगळे आनंदात असतात आणि तेवढ्यात आईची गर्भपिशवी सैल पडून रक्त वाहू लागतं. त्या क्षणी नजर आईवर हवी. मृत बाळ जन्मलेल्या बाईजवळही आपल्यालाच थांबायचं असतं.

डिलिव्हरी झाल्यावर आठवून पार्टोग्राफ (प्रसूती कशी पुढे सरकतेय याचा तक्ता) भरायची सवय अनेक ठिकाणी आहे. मीही भरलाय, आणि ते चूकच होतं. प्रसूती अडते आहे हे वेळेत कळावं यासाठी तो तक्ता असतो. नंतर ओढलेली रेघ त्या बाईच्या काय कामाची?

कोर्स निवडतानाही गल्लत होते. प्रसूतीशास्त्रातलं एम.एस्सी. नर्सिंग दोन वर्षांचं असतं आणि त्यातून बहुतेकजणी शिकवण्याकडे वळतात. प्रत्यक्ष बाळंतपणं करायची असतील तर 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी' बघा. केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांमधून आलेला हा 18 महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. नॉर्मल बाळंतपण मिडवाइफनं स्वतः सांभाळायचं आणि धोका दिसला की डॉक्टरांना बोलवायचं, असा त्याचा पाया आहे. प्रवेश घेण्याआधी आपल्या राज्यात या पदाची भरती आहे का, कोर्सनंतर नेमणूक कुठे मिळेल, हे लेखी विचारा. तोंडी आश्वासनावर नोकरी सोडू नका.

परदेशाचा विचार असेल तर आणखी जपून. ब्रिटनमध्ये नर्स आणि मिडवाइफ यांची नोंदणी वेगळी, परीक्षाही वेगळी. तिथे नर्स म्हणून गेलात तर त्या नोंदणीवर बाळंतपण करता येत नाही. इथला 'नर्स-मिडवाइफ' शब्द तिथे आपोआप चालत नाही. एजंट हे क्वचितच सांगतो.

खासगी हॉस्पिटलच्या मुलाखतीत पगाराबरोबर दोन प्रश्न विचाराच. इथे नॉर्मल डिलिव्हरी कोण करतं? आणि माझं पोस्टिंग लेबर रूमलाच राहील, की दर काही महिन्यांनी दुसऱ्या वॉर्डला जावं लागेल? सगळ्या डिलिव्हरी डॉक्टरच करत असतील तर तुम्ही वर्षभर ट्रे लावाल आणि हात तिथेच राहील.

आयसीयूत किंवा ओपीडीत पाच-सात वर्षं गेली असतील तरी उशीर झालेला नाही. मेट्रनकडे लेबर रूमच्या बदलीचा अर्ज द्या. सरकारी सेवेत असाल तर 21 दिवसांच्या एसबीए (स्किल्ड बर्थ अटेंडंट, म्हणजे कुशलतेनं प्रसूती करणारी) प्रशिक्षणासाठी नाव सुचवायला सांगा. आणि पहिल्याच ड्यूटीला एका बाईजवळ स्टूल ओढून बसा, हात पोटावर, नजर घड्याळावर.