परभणीच्या सर्व्हरवर व्हील चढलं, पण इम्पोर्ट होईना

जिनिंगमधल्या कापूस वजनकाट्याच्या नोंदीचा प्रोग्राम: वरून पायथन, आत पायओ३ (पायथन-रस्ट जोडणारी लायब्ररी) वापरून रस्ट. बिल्ड संभाजीनगरच्या उबुंटू २२.०४ मशीनवर, सर्व्हर परभणीत उबुंटू २०.०४. पिपने (पायथनचा इन्स्टॉलर) व्हील, म्हणजे तयार पॅकेज, मुकाट्याने घेतलं, इम्पोर्टला मात्र 'जीलिबसी २.३४ सापडत नाही' अशी एरर. जीलिबसी म्हणजे लिनक्सची मूळ सी लायब्ररी.

२२.०४ वर जीलिबसी २.३५ असते, २०.०४ वर २.३१. २.३४ पासून पीथ्रेड (थ्रेड्सची लायब्ररी) मुख्य लिबसीतच मिसळली, त्यामुळे २२.०४ वर बिल्ड केलेला साधा कोडसुद्धा २.३४ मागतो. पिपने अडवायला हवं होतं, पण मॅच्युरिनला (रस्टपासून व्हील बनवणारं साधन) कम्पॅटिबिलिटी 'लिनक्स' दिली होती; त्या टॅगमध्ये जीलिबसीची आवृत्तीच नसते. चूक आपलीच.

सर्व्हरची जीलिबसी हाताने बदलू नका, अख्खी मशीन झोपेल. झिग (जुन्या जीलिबसीसाठीही लिंक करू शकणारा कंपायलर) पिपने टाकलं आणि मॅच्युरिन बिल्डला रिलीज, झिग व मेनीलिनक्स२०१४ (जीलिबसी २.१७ पासून चालणारा टॅग) हे पर्याय दिले. मग व्हील जीलिबसी २.१७ वरही चालतं. कार्गो टॉमलमध्ये (रस्ट प्रोजेक्टची सेटिंग फाइल) पायओ३ ला एबीआय३-पीवाय३८ फीचर लावलं, की पायथन ३.८ पासून पुढे एकच व्हील पुरतं.

एक अडथळा: एखादा क्रेट (रस्टचं पॅकेज) सिस्टिमचं ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) मागत असेल तर झिगचं लिंकिंग अडतं. तिथे त्या क्रेटची डिफॉल्ट फीचर्स बंद करून रस्टएलएस (रस्टमधला त्याचा पर्याय) घ्या. पाठवण्याआधी व्हीलमधल्या लायब्ररी फाइलवर ऑब्जडम्प मोठ्या टी पर्यायाने चालवून ती मागते ते जीलिबसीचे आकडे बघा.