दिवाडीची ई-सायकल सफर: फेरीबोटीवर जपा

गोव्यात मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर गाइडबरोबर ई-सायकल चालवणं सोपं आहे, खाजन (खारं पाणी बांध घालून अडवलेल्या) शेतांमधले रस्ते जवळजवळ सपाट आहेत. खरं जपायचं ते जुने गोवे किंवा रायबंदरच्या फेरीबोटीवर. धक्क्याचा उतार ओला आणि शेवाळलेला असतो, आणि बहुतेक ई-सायकलींचं वजन २० किलोच्या वर जातं. त्यामुळे उतारापूर्वीच उतरा, मोटर बंद करा आणि दोन्ही ब्रेकवर बोटं ठेवून सायकल हाताने न्या. मोटर चालू राहिली तर पॅडलला पाय लागताच किंवा थ्रॉटल (हँडलवरचा, मोटरला वेग देणारा) चुकून दाबला जाताच सायकल पुढे झेप घेते. बोटीत स्टँडवर भरवसा नको, धरून उभे राहा.

निघण्यापूर्वी सीटची उंची पाहा: पॅडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच टेकवली की पाय सरळ व्हायला हवा. सपाटीवर असिस्ट (मोटरच्या मदतीची पातळी) १ पुरे. बेटावरच्या पिएदाद गावच्या टेकडीचा चढ लागण्याआधीच गिअर हलका करा आणि असिस्ट वाढवा. भर चढावर जोर देत गिअर बदलला की चेन उतरू शकते. गाइडच्या सायकलीपासून दोन-तीन सायकलींइतकं अंतर ठेवा, तो पक्षी दाखवायला अचानक थांबतो. शक्यतो सकाळी लवकर निघा, बांधांवर सावली नाही.